‘शेजाऱ्यानं विमानं घेतली म्हणून आपण घेतली’ : हे विधान संशोधनात तपासायचं कसं?

पेटचा निकाल लागला की सिनॉप्सिसचा हंगाम सुरू होतो. राज्यशास्त्र, संरक्षणशास्त्र किंवा आंतरराष्ट्रीय संबंध घेतलेल्या विद्यार्थ्यांकडून एक विषय हमखास येतो : ‘चीन व पाकिस्तानच्या वाढत्या हवाई सामर्थ्याला प्रत्युत्तर म्हणून भारतीय हवाई दलाचे आधुनिकीकरण : एक चिकित्सक अभ्यास’. विषय चांगला आहे, ताजा आहे, वाचायलाही भरपूर मिळतं. अडचण आहे ती ‘प्रत्युत्तर म्हणून’ या दोन शब्दांत. जे शोधून काढायचं आहे, ते तुम्ही शीर्षकातच मान्य करून टाकलंय. आरआरसीत समोर बसलेला तज्ज्ञ शांतपणे विचारेल, “हे प्रत्युत्तरच होतं, हे कशावरून?” आणि “सर, सगळेच म्हणतात” हे उत्तर तिथे चालत नाही.

हा लेख त्या एका प्रश्नावर आहे. लढाऊ विमानांचा ताफा कोणी बदलला, कधी बदलला आणि का बदलला, यातलं ‘का’ सिद्ध करायचं कसं? उदाहरण आपल्याच राज्यातलं घेऊ. उस्मानपुऱ्यातून निघालात तर वैजापूर, येवला, निफाड करत साधारण चार तासांत ओझरला पोचता. तिथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा विमान कारखाना आहे आणि हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपोही आहे. गेल्या साठ वर्षांत भारताच्या लढाऊ ताफ्यातली बरीच विमानं या एका ठिकाणी बनली, उघडली गेली, नव्यानं जोडली गेली. दिल्लीचे निर्णय सगळेच वाचतात. ओझर फार कमी विद्यार्थी वाचतात.

आधी ताजी परिस्थिती. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप देण्यात आला. हे विमान १९६३ पासून सेवेत होतं. त्यानंतर हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या २९ स्क्वाड्रन उरल्या. मंजूर संख्या ४२ आहे. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमानं असतात. मिग-२१ च्या निरोपानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ ला, नाशिकमध्ये तेजस मार्क-१ए च्या तिसऱ्या उत्पादन लाईनचं उद्घाटन झालं आणि तिथे बनलेल्या पहिल्या तेजसनं उड्डाण केलं. ४२ उणे २९ म्हणजे १३ स्क्वाड्रनची तूट. बातम्या इथेच थांबतात. संशोधकाला विचारावं लागतं की ही तूट शेजाऱ्यामुळे तयार झाली, की आपल्याच घरातल्या कारणांमुळे?

आधुनिकीकरण म्हणजे नेमकं काय मोजणार?

हा भाग पटकन उरकतो, पण टाळू नका. ताफा आधुनिक करण्याचे तीन रस्ते असतात. नवीन विमान तयार विकत घेणं, जसं राफेल. परवान्यावर इथेच बनवणं, जसं सुखोई-३० एमकेआय. किंवा जुन्याच विमानात नवं रडार, नवी क्षेपणास्त्रं, नवं इलेक्ट्रॉनिक्स बसवणं, जसं मिग-२१ चं ‘बायसन’ झालं. तिसऱ्या प्रकारात संख्या एकानंही वाढत नाही, पण विमान बदलतं. म्हणजे तुम्ही फक्त स्क्वाड्रन मोजल्या, तर बायसन तुमच्या अभ्यासात दिसणारच नाही. सॅम्युएल हंटिंग्टननं १९५८ मध्ये शस्त्रस्पर्धेवरच्या निबंधात संख्यात्मक आणि गुणात्मक स्पर्धा असा फरक केला होता. लढाऊ विमानांच्या बाबतीत तो अजूनही उपयोगी आहे. तुमचा अवलंबी चल या दोनांपैकी कोणता, हे पहिल्या प्रकरणातच सांगून टाका.

पहिलं स्पष्टीकरण : प्रतिस्पर्धी

या विषयावरचं सगळ्यात जुनं गणिती मॉडेल लुईस फ्राय रिचर्डसनचं आहे. गडी हवामानशास्त्रज्ञ होता, क्वेकर पंथाचा शांततावादी होता, पहिल्या महायुद्धात त्यानं रुग्णवाहिकेवर काम केलं. युद्धं का होतात, हे हवामानासारखंच समीकरणात मांडता येईल का, हा त्याचा ध्यास. तो १९५३ मध्ये वारला आणि शस्त्रस्पर्धेवरचं त्याचं मुख्य पुस्तक १९६० मध्ये प्रकाशित झालं. समीकरण पाहून घाबरू नका, आशय साधा आहे.

असं धरा की उस्मानपुऱ्यात समोरासमोर दोन अभ्यासिका आहेत. एकीनं एसी बसवला. दुसरीनं महिन्याभरात एसी बसवला, वर वायफाय दिलं. मग पहिलीनं लॉकर दिले. समोरच्याकडे जितकं जास्त, तितका माझा वाढवण्याचा वेग जास्त, हा समीकरणाचा पहिला भाग. पण वीजबिल येतं, फी एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही. स्वतःच्या खर्चाचं ओझं वेगाला मागे खेचतं, हा दुसरा भाग. आणि दोन्ही मालकांचं जागेवरून जुनं भांडण असेल, तर समोरच्यानं काहीच नवं केलं नाही तरी थोडी चढाओढ चालूच राहते. हा तिसरा भाग, जुनी तक्रार. भीती, ओझं आणि तक्रार या तिन्हींची बेरीज-वजाबाकी म्हणजे रिचर्डसन.

आता हे आपल्याकडे लावून पाहू. १९६१-६२ मध्ये पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१०४ स्टारफायटर मिळाली. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं विमान, संख्या डझनभर. भारताकडे त्या तोडीचं काही नव्हतं. ऑगस्ट १९६२ मध्ये भारतानं सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार केला आणि १९६३ मध्ये पहिली विमानं चंदीगडला आली. दुसरा प्रसंग ऐंशीच्या दशकातला. डिसेंबर १९८१ मध्ये अमेरिका-पाकिस्तान यांच्यात ४० एफ-१६ चा करार झाला, जानेवारी १९८३ मध्ये पहिली विमानं सरगोध्याला उतरली. भारतानं १९८२ मध्ये फ्रान्सकडे मिराज-२००० मागितली, ती १९८५ मध्ये ग्वाल्हेरला आली. पाठोपाठ मिग-२९ आली. १९८७ मध्ये पुण्याच्या लोहगावला त्यांची स्क्वाड्रन उभी राहिली आणि सोव्हिएत गटाबाहेर हे विमान घेणारा भारत पहिल्यांपैकी एक ठरला.

क्रिया, प्रतिक्रिया. इथपर्यंत रिचर्डसन खूश.

एक सूचना इथेच, कारण बऱ्याच प्रबंधांत हे चुकतं. ‘१९६२ च्या चीन युद्धातील पराभवानंतर भारताने मिग-२१ घेतले’ असं वाक्य तुम्ही नोट्समध्ये वाचलं असेल. करार ऑगस्टचा आहे आणि युद्ध २० ऑक्टोबरला सुरू झालं. परिणाम कारणाच्या आधी येऊ शकत नाही. युद्धानंतर जे झालं, ते म्हणजे कारखान्याची उभारणी आणि ताफ्याचा विस्तार. म्हणजे ‘घ्यायचं ठरलं’ आणि ‘मोठ्या प्रमाणावर बनवायचं ठरलं’ हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी असू शकतात. एका तारखेनं गृहीतकाचे दोन तुकडे होतात, ते असे.

दुसरं स्पष्टीकरण : कारखाना

जेम्स कर्थ नावाच्या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये एक लेख लिहिला. विषय होता, आपण जी शस्त्रं विकत घेतो ती का घेतो. त्यानं अमेरिकेतल्या मोठ्या विमान कारखान्यांच्या उत्पादन लाईनी मांडल्या आणि दाखवलं की एका लाईनवरचं काम संपत आलं की त्याच लाईनला नवं कंत्राट मिळतं. कामगार, यंत्रं, हुशार इंजिनिअर, स्थानिक खासदार, सगळ्यांना लाईन चालू हवी असते. शत्रूचा धोका कागदावर लिहायला असतोच. या तर्कानुसार नवं विमान येण्याची तारीख शत्रूच्या हालचालीवरून ठरत नाही. जुनं काम कधी संपतं यावरून ठरते.

ओझरला हे लावून पाहा, अंगावर काटा येईल इतकं जुळतं. मिग-२१ च्या एकेक आवृत्त्या इथे १९८७ पर्यंत बनत राहिल्या. ऐंशीच्या दशकातच मिग-२७ सुरू झालं आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत चाललं. ते संपत असताना १९९६ मध्ये मिग-२१ ची १२५ विमानं बायसन करण्याचा करार झाला. पहिली दोन रशियात झाली, बाकीची नाशिकला. बायसनचं काम चालू असतानाच डिसेंबर २००० मध्ये १४० सुखोई-३० एमकेआय परवान्यावर बनवण्याचा करार झाला आणि २००४ च्या अखेरीस ओझरची पहिली सुखोई हवाई दलाला मिळाली. पुढे ऑर्डर वाढत वाढत एकूण २७२ पर्यंत गेली, त्यातली २२२ इथली. आता तेजस.

मग हे सगळं प्रत्युत्तर होतं, की लाईन चालू ठेवण्याची धडपड?

कारखान्याच्या स्पष्टीकरणाला राजकारणाचीही एक बाजू आहे आणि मराठी वाचकाला ती सांगायला नको. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. मिगचा कारखाना ओझरला आला याचं श्रेय जिल्ह्यात आजही त्यांना दिलं जातं. मिगची कामं तीन राज्यांत वाटली गेली : विमानाचा सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. ही वाटणी का झाली, याचं उत्तर सरगोध्याच्या धावपट्टीवर सापडणार नाही. ते देशांतर्गत राजकारणात, जमिनीच्या आणि सुरक्षित अंतराच्या हिशेबात शोधावं लागेल.

दोन्ही जुळतात, तर मग निवडायचं कसं?

इथे खरा अभ्यास सुरू होतो. दोन स्पष्टीकरणं एकाच घटनेला सारखीच लागू पडत असतील, तर ती घटना तुमच्यासाठी निकामी आहे. ती कितीही ठळक असू द्या, तिच्यावर पन्नास पानं लिहून काही सिद्ध होत नाही. तुम्हाला हवेत ते काळ, जिथे दोन स्पष्टीकरणं वेगवेगळी भाकितं करतात. प्रतिस्पर्धी गप्प आहे, तरी आपण विमानं घेतली. लाईन रिकामी पडली, तरी ऑर्डर आली नाही. प्रतिस्पर्ध्यानं झेप घेतली, तरी आपण हललो नाही. असे प्रसंग शोधा. मी तीन सांगतो, तुम्हाला आणखी सापडतील.

पहिला, १९९६. ऑक्टोबर १९९० मध्ये अमेरिकेनं प्रेसलर दुरुस्ती लागू केली आणि पाकिस्ताननं मागवलेली पुढची एफ-१६ अडकली. नव्वदच्या दशकात पाकिस्तानचा ताफा मागेच पडत होता. साध्या रिचर्डसनप्रमाणे भारताचा वेग कमी व्हायला हवा. प्रत्यक्षात नोव्हेंबर १९९६ मध्ये भारतानं रशियाशी सुखोई-३० चा करार केला आणि १९९७ मध्ये पहिली विमानं लोहगावला आली. कोणी म्हणेल, प्रतिस्पर्धी चीन होता. त्याला १९९२ पासून रशियाकडूनच सुखोई-२७ मिळत होती. बरोबर आहे. पण मग हे आधीच लिहून ठेवा की तुमच्या अभ्यासात प्रतिस्पर्धी कोण. १९८२ ला पाकिस्तान आणि १९९६ ला चीन, असं सोयीप्रमाणे बदलत गेलात तर तुमचं गृहीतक कधीच चुकीचं ठरणार नाही. आणि जे चुकीचं ठरूच शकत नाही, ते तपासलं असंही म्हणता येत नाही. शिवाय विकणाऱ्याकडेही बघा. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर रशियन कारखान्यांना परदेशी ऑर्डरची निकड होती. कर्थचा तर्क विकणाऱ्या देशालाही लागू पडतो, हे फार थोडे विद्यार्थी लिहितात.

दुसरा, बायसन. करार त्याच १९९६ चा. साठच्या दशकात आलेलं विमान नव्या शतकात लढवायचं का ठरलं? मिग-२१ ची जागा घ्यायला १९८३ मध्ये हलक्या लढाऊ विमानाचा, म्हणजे आजच्या तेजसचा प्रकल्प मंजूर झाला होता. त्याचं पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ ला झालं आणि पहिली स्क्वाड्रन जुलै २०१६ मध्ये उभी राहिली. मंजुरीपासून तेहतीस वर्षं. मधली पोकळी कोणी तरी भरायला हवी होती, ती जुन्या मिगनं भरली. माझ्या मते बायसन हे प्रतिस्पर्ध्याइतकंच आपल्याच उशिराला दिलेलं उत्तर आहे. या कारणाला बहुतेक सिनॉप्सिसमध्ये जागाच नसते, कारण शीर्षकात ‘चीन व पाकिस्तान’ आधीच बसलेले असतात.

हा उशीर कागदावरचा नाही. २ मे २०१२ च्या सुमारास तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं की रशियाकडून घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमानांना १९ एप्रिल २०१२ पर्यंत अपघात झाले. त्यात १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक गेले. बदली विमान वेळेवर आलं असतं तर यातले किती वाचले असते, हे कोणी सांगू शकत नाही. पण आधुनिकीकरणाच्या वेळापत्रकाचा अभ्यास का करायचा, असं कोणी विचारलं तर हा आकडा पुढे ठेवा. ठेवताना एक काळजी घ्या. उत्तरातला शब्द ‘मिग’ आहे. बातम्यांमध्ये आणि लेखांमध्ये तोच आकडा सर्रास ‘मिग-२१’ म्हणून फिरतो. प्रबंधात वापरण्याआधी मूळ प्रश्नोत्तराचे शब्द वाचा.

तिसरा प्रसंग कर्थच्या विरुद्ध जातो, म्हणून मला तो सगळ्यात आवडतो. या दशकाच्या सुरुवातीला ओझरच्या सुखोईंची मोठी ऑर्डर संपत आली. कर्थप्रमाणे ताबडतोब नवं काम यायला हवं होतं. चीनचं जे-२० हे स्टेल्थ विमान २०१७ पासूनच सेवेत होतं आणि २०२० मध्ये लडाखमध्ये गलवान झालं. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं स्पष्टीकरणही म्हणतं की ऑर्डर यायला हवी. दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. तरी १२ नव्या सुखोईंचा सुमारे १३,५०० कोटींचा करार व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला आणि तेजसची लाईन सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५. भीती होती, कारखाना मोकळा होता, तरी वर्षं गेली. का? आता तुम्हाला तिसऱ्या प्रकारची कारणं शोधावी लागतील : खरेदीची प्रक्रिया, पैसा, इंजिन. रिचर्डसनच्या समीकरणातलं ‘ओझं’ इथे पुन्हा भेटतं, पण ते फक्त रुपयांचं नसतं. फायलीचंही असतं.

मागणी आणि पोच वेगळी मोजा

वरच्या तीन प्रसंगांतून माझं म्हणणं असं बनतं. प्रतिस्पर्ध्यामुळे मागणी कधी उठते, हे बऱ्यापैकी कळतं. पण काय येतं आणि केव्हा येतं, हे कारखाना, पुरवठादार आणि खरेदीची प्रक्रिया ठरवतात. तुमच्या अभ्यासात हे दोन वेगळे अवलंबी चल असले पाहिजेत. अभ्यासिकेची उपमा इथे मोडते. मालक उद्या दुकानात जाऊन एसी आणू शकतो. विमानाला दशक लागू शकतं आणि तेवढ्यात समोरचा दोनदा बदललेला असतो.

फरक किती पडतो, हे पाहायला ऐंशीच्या दशकाची सुरुवात उत्तम आहे. एफ-१६ ची भीती तीच, देश तोच, वर्षंही जवळपास तीच. भारतानं दोन उत्तरं दिली. मिराज विकत घेतलं, ते तीन वर्षांत आलं. हलकं लढाऊ विमान स्वतः बनवायचं ठरवलं, त्याची स्क्वाड्रन तेहतीस वर्षांनी उभी राहिली. प्रेरणा सारखी ठेवून फक्त मार्ग बदलला की काय होतं, हे दाखवणारी अशी जोडी सामाजिक शास्त्रात सहज मिळत नाही. एम.ए. च्या लघुप्रबंधाला एवढी एक तुलनाही पुरेल. अर्थात ‘स्वदेशी वाईट, आयात चांगली’ असा निष्कर्ष घाईनं काढू नका. तयार विकत घेण्यालाही उशीर होतो. ऑगस्ट २००७ मध्ये १२६ विमानांची निविदा निघाली, २०१२ मध्ये राफेलची निवड झाली, बोलणी अडली, शेवटी सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ विमानांचा करार झाला आणि जुलै २०२० मध्ये पहिली पाच अंबाल्याला उतरली. तेरा वर्षं, आणि १२६ ची ३६ झाली.

पलीकडेही बघा. राफेल जुलै २०२० मध्ये आली, पाकिस्ताननं मार्च २०२२ मध्ये चीनची जे-१०सी सेवेत घेतली आणि तिथल्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी ते राफेलला उत्तर असल्याचं उघड सांगितलं. जवळपास वीस महिने. पाकिस्तानचा वेग जास्त का? एकच मोठा पुरवठादार, छोटी ऑर्डर, वेगळी निर्णयपद्धती. ही तुलना तुमच्या अभ्यासात असेल तर परीक्षक आपोआप पुढची पानं उलटतो.

साधनं आणि काही सावधगिरी

शस्त्रव्यवहारांची सिप्री या स्वीडिश संस्थेची माहिती मोफत आहे आणि ती १९५० पासूनची आहे. त्यात ऑर्डरचं वर्ष, पोचण्याची वर्षं आणि परवान्यावरचं उत्पादन वेगळं दिलेलं असतं, म्हणजे मागणी आणि पोच वेगळी मोजायची सोय तयारच आहे. एक गफलत टाळा : त्यांचं टीआयव्ही नावाचं एकक किंमत दाखवत नाही, ते हस्तांतरित झालेल्या लष्करी क्षमतेचं मोजमाप आहे. त्यापुढे रुपये किंवा डॉलर लिहिलेत तर व्हायवात पकडले जाल.

भारतीय बाजूला संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीचे अहवाल, कॅगचे अहवाल आणि लोकसभा-राज्यसभेतली प्रश्नोत्तरं ही तीन साधनं पुरेशी आहेत. कंटाळवाणी आहेत, हे मान्य. पण हवाई दलाचे अधिकारी समितीसमोर स्क्वाड्रनच्या घटत्या संख्येबद्दल जे बोलतात, ते वर्षानुवर्षं ओळीनं वाचलं की कोणत्या वर्षी ‘धोका’ हा शब्द जास्त येतो आणि कोणत्या वर्षी ‘विलंब’, हे दिसू लागतं. आशय-विश्लेषणाला याहून बरं साहित्य नाही.

युद्धातल्या दाव्यांपासून मात्र दूर राहा. २७ फेब्रुवारी २०१९ ला बायसननं एफ-१६ पाडलं असं भारत सांगतो, पाकिस्तान नाकारतो. तुमचा विषय ताफ्याचं आधुनिकीकरण असेल तर हा वाद सोडवणं तुमचं काम नाही. त्या दिवशी मिग-२१ लढाईत होतं, आणि ते दोन्ही बाजूंना मान्य आहे, एवढंच तुमच्या युक्तिवादाला पुरतं.

मराठी वाचता येणं हा या विषयात तुमचा मोठा फायदा आहे आणि दिल्लीच्या विद्यार्थ्याकडे तो नाही. नाशिकच्या ‘गावकरी’, ‘देशदूत’ या दैनिकांचे जुने अंक पाहा. कारखान्यासाठी जमीन, भरती, कामगार संघटनांच्या मागण्या, ‘काम कमी पडतंय’ अशा तक्रारी, हे सगळं राष्ट्रीय इंग्रजी वृत्तपत्रांत क्वचितच सापडतं. कर्थचं म्हणणं भारतात तपासायचं तर पुरावा इथेच आहे. ओझरचे निवृत्त कामगारही बोलतात, पण मुलाखतींचं एक पथ्य आहे. विमानाची क्षमता, संख्या, सुटे भाग कुठून येतात, असलं काही विचारू नका. त्या माणसालाही अडचणीत आणाल आणि स्वतःलाही. कामाचे दिवस कसे होते, एक विमान संपून दुसरं सुरू होताना काय बदललं, मधल्या काळात हाताला काय काम होतं, एवढं विचारा. परिसरात फोटो काढायचे नाहीत. माहिती अधिकारात देशाच्या सुरक्षेशी संबंधित माहिती नाकारता येते, त्यामुळे अर्ज टाकून वर्षभर वाट बघत बसण्याचा बेत सिनॉप्सिसमध्ये लिहू नका.

आता ते शीर्षक परत घ्या. ‘प्रत्युत्तर म्हणून’ काढून टाका आणि असं काही लिहा : ‘भारतीय हवाई दलाच्या लढाऊ विमान खरेदीतील निर्णय व पोच यांमधील अंतर : बाह्य धोका आणि देशांतर्गत उत्पादन यांचा तुलनात्मक अभ्यास (१९६२–२०२५)’. जरा लांब आहे, गाईड छाटतील. पण यात उत्तर आधीच दिलेलं नाही आणि दोन स्पष्टीकरणं एकमेकांसमोर उभी आहेत.

एखादी चालू घटना धरून सराव करायचा असेल तर तेजस मार्क-१ए घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांचा करार झाला. पोच मार्च २०२४ पासून सुरू व्हायची होती. इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं, आणि या करारातलं पहिलं इंजिनच मार्च २०२५ मध्ये आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये, मिग-२१ च्या निरोपाच्या आदल्या दिवशी, आणखी ९७ विमानांचा सुमारे ६२,३७० कोटींचा करार झाला. नाशिकच्या लाईनची क्षमता वर्षाला आठ विमानांची आहे. वहीत चार रकाने आखा : प्रतिस्पर्ध्याची घटना, आपली मागणी, करार, पोच. तारखा भरत जा आणि प्रत्येक दोन रकान्यांमधलं अंतर महिन्यांत लिहा. सुखोई, मिराज, राफेल आणि तेजस अशा चार ओळी भरल्या की गाईडकडे जा. त्यांना बोलायला काहीतरी मिळेल.

सिप्रीची सारणी उतरवून घेऊन एक्सेलमध्ये कशी लावायची, ते पुढच्या लेखात पाहू.